उघडी कालवं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आणि तुम्हाला सांगतोय म्हणून लगेच मान डोलावू नका. मला समजून घेणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

माझा साडू पुण्याचा. वऱ्हाडाची टर उडवणं हा त्याचा छंद. अकोल्याला पुतण्याच्या लग्नात, भर मांडवात त्यानं विचारलं, अमरावतीकर वाइन ठेचा-भाकरीबरोबर घेतात का? मी वकील माणूस — गप्प कसा बसणार? म्हटलं, घरी या, कालवं खाऊ घालतो. कच्ची, लिंबू पिळून, सोबत थंडगार पांढरी वाइन. गोव्याला नेहमी खातो, असंही ठोकून दिलं. खरं तर जन्मात कालव तोंडाला लावलं नव्हतं.

मुंबईहून बर्फाच्या खोक्यातून कालवं मागवली. आमच्याकडे स्वयंपाकाला सुनंदाबाई होत्या. सासर वलगावच्या भाजीवाल्यांचं, पण माहेर मालवणचं. साडू मंडळी बाहेर येऊन बसली, तेव्हा बाईंनी खोकं उघडलं, एकेका शिंपल्यावर टिचकी मारली आणि मला आत बोलावलं.

"साहेब, हे उघडेच हायेत. टिचकी मारली तरी मिटून नाई राहिले. मेले हे. फेकून द्या."

आणि मी काय म्हणालो? बोंड उघडलं की कापूस वेचणीला येतो, तसंच हे — उघडलं म्हणजे तयार. कापसाच्या मुलखातली अक्कल मी समुद्रकाठी वाढलेल्या बाईला शिकवली! फेकली असती तर जेमतेम चार उरली असती. बाहेर साडू होता ना.

मग वाइनवर भाषण. गोड नको, कोरडीच का हवी, किती थंड हवी — सगळं फोनवर वाचून पाठ केलेलं. सगळ्यांनी खाल्लं. मी? मी शिंपला ओठांना लावला आणि आतलं रुमालात ओतलं. किळस म्हणून नव्हे. बाई खरं बोलतायत हे मला ठाऊक होतं — कळतंय का तुम्हाला? ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मेहुणी सलाइनवर, साडू शेजारच्या खाटेवर. तुम्हाला कसं काही झालं नाही, असं जो तो विचारू लागला. मी म्हणालो, माझी मी स्वतः धुऊन घेतली होती. बाकीची बाईंनी धुतली नसतील.

सुनंदाबाई दवाखान्यात आल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "साहेब, मी तुमाले सांगतलं होतं ना? तुमीच सांगा यायले."

"काय सांगितलं होतं तुम्ही?" मी विचारलं — साडूला आवडेल अशा शुद्ध मराठीत.

त्या वळल्या आणि निघून गेल्या. त्या महिन्यात आमच्या कॉलनीतली त्यांची पाचही घरं सुटली. पहिल्या घरी फोन मीच केला होता.