मुकी बाजू

शाळेतल्या बूजमा उस्तादांचं काळीज सशाचं, हे आमच्या आयत तिझ्झी गावात शेळ्यांनासुद्धा माहीत होतं. माणूस समुद्रकाठचा, आसफीचा, मासळीच्या वासात वाढलेला. डोंगरात बदली झाली तेव्हा खेचरावर डोळे गच्च मिटून, अल्लाचं नाव घेत वर आला. कुत्र्याला भ्यायचा, दरडीला भ्यायचा, वाऱ्यानं दार आपटलं तरी दचकायचा. आणि सगळ्यांत जास्त भ्यायचा तो शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला.

"अहो उस्ताद, माणूसच ना तो? खातोय का काय तुम्हाला?" एकदा रकियानं विचारलं. रकियाची धाकटी इज्जा त्याच वर्षी शाळेत बसू लागली होती.

"खात नाही गं बाई. लिहितो," उस्ताद म्हणाले.

लिहिलंच होतं मेल्यानं! मागच्या खेपेला पहिलीतली पोरं एका शेळीवरून हमरीतुमरीवर आली आणि साहेबानं शेरा मारला, 'हा वर्ग आहे की बाजार?' असा आणखी एक शेरा आला असता तर उस्तादांची नोकरी गेली असती. घरी म्हातारी आई, दोन बहिणी. त्या शेऱ्यानं उस्तादांची झोप उडाली.

आता खोली एक, फळा एक आणि यत्ता सहा. पोरं बोलणार नाहीत तर काय करतील? पण उस्तादांनी युक्ती काढली. फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. एक बाजू बोलती, एक मुकी. ज्यांना उस्ताद शिकवत असतील ते बोलते. बाकीच्यांनी मान खाली घालून पाटीवर लिहायचं, तोंडातून ब्र काढायचा नाही. अगदीच काही लागलं तर हात वर करायचा. उस्तादांनी मान हलवली तर बोलायचं, बोट दाखवलं तर थांबायचं. तास संपला की बाजू बदलायच्या. पोरं महिन्याभरात शिकली. इज्जा तर इतकी शहाणी, की घरीसुद्धा पाणी मागायचं तर हात वर करायची. रकिया पदराआड हसायची.

साहेब यायचा होता त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होतं. पोरं रोजच्यासारखी शेगडीसाठी एकेक लाकूड घेऊन आली, पण सगळी लाकडं ओलीचिंब. ओलं लाकूड म्हणजे धूर, आणि मागच्या खेपेला धुरानं साहेबाच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. सहावीतल्या तूदाचा बाप कोळसे पाडायचा. उस्तादांनी तिच्याकडून पोतंभर कोळसा मागवला. शेगडीच्या धुराड्यावर बर्फ साचलं होतं, पण कोळशाला धूर कुठला, म्हणून तिकडे कुणी बघितलंच नाही. मग उस्तादांनी दाराखिडक्यांच्या फटींत पोती कोंबली, वर स्वतःचा झगा लावला. साहेबाला थंडी वाजायला नको!

"उस्ताद, आफिया कशी फुललीय बघा," तूदा म्हणाली. आमच्याकडे विस्तवाला विस्तव म्हणत नाहीत, अपशकुन होतो. आफिया म्हणतात. आफिया म्हणजे खुशाली.

"फुलू दे. लहानग्यांना जवळ बसव, गारठलीत बिचारी."

थोरल्यांचा अपूर्णांकांचा तास सुरू झाला. एक भाकरी, चार भाऊ. लहानगी मुक्या बाजूला. उस्तादांचा एक कान दाराकडे होता. कधी खेचराच्या टापा ऐकू येतील सांगता येत नव्हतं. तेवढ्यात डाव्या हाताला इज्जाचा हात वर झालेला दिसला.

उस्तादांनी बोट दाखवलं. थांब.

थोड्या वेळानं पाहिलं तर हात खाली होता. इज्जा बाकावर डोकं टेकून बसली होती. आज पोरं किती गुणी झालीत, उस्तादांच्या मनात आलं. कुजबुज नाही, खोड्या नाहीत. येऊ दे आता साहेब! वर्षात पहिल्यांदाच त्यांना भीती वाटेनाशी झाली. कपाळ तेवढं ठणकत होतं, पण ते जागरणाचं असणार.

फळ्याशी उभी असलेली तूदा गणितातली भाकरी वाटता वाटता थांबली.

"काय गं? एवढंही येईना?"

"तसं नाही उस्ताद." ती भिंतीला धरून उभी होती. "मुक्या बाजूच्या पाट्या वाजत नाहीत."

खरंच. पाटीवरच्या खडूची ती किरकिर कधीच बंद पडली होती. उस्ताद वळले. सगळी लहानगी बाकांवर माना टाकून पडली होती. धूर नव्हता, पण कोळशाची विषारी हवा खोलीत कोंडली होती.

"या अल्ला!"

उस्ताद ओरडले. मग काय झालं कुणास ठाऊक, त्या भित्र्या माणसानं दार लाथेनं उघडलं आणि दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन बाहेर धावला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. तूदा आणि थोरली पोरं ठेचकाळत मागून ओढत होती. बर्फात टाकलं तशी एकेक करून पोरं खोकायला लागली, ओकायला लागली, रडायला लागली. रडणं ऐकून झऱ्यावरच्या बायका धावत आल्या.

इज्जा मात्र रडली नाही.

उस्तादांनी तिच्या तोंडाला बर्फ चोळलं, गालांवर चापट्या मारल्या. "इज्जा! ऊठ गं माझे आई! इज्जा!" तिचे ओठ लालचुटूक होते आणि मान लुळी. रकिया आली. तिनं पोरीला मांडीवर घेतलं. उस्तादांकडे पाहिलंही नाही, नुसती पोरीच्या नाकाशी हात धरून बसली. त्या बाईनं शिव्या द्याव्यात, दगड घालावा डोक्यात, असं उस्तादांना वाटत होतं. ते बर्फात गुडघे टेकून बसले होते. नोकरी, साहेब, आसफीतली आई, सगळं विसरले होते. ही पोर जगू दे, एवढंच.

किती वेळ गेला सांगता येत नाही. इज्जाला ठसका लागला. ती आईच्या मांडीवर ओकली. मग डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं, समोर उस्ताद दिसले आणि तिनं हळूहळू, कापत कापत हात वर केला.

"बोल गं! बोल माझे बाई, बोल!"

"डोकं दुखतंय," इज्जा म्हणाली. "मघाशी सांगणार होते. तुम्ही थांब म्हणालात."

उस्ताद तोंड झाकून ढसाढसा रडले. रकियानं मग एवढंच म्हटलं, "पुरे आता. हिला पांघरायला काहीतरी आणा." साहेब आलाच नाही. बर्फानं खालची वाट बंद झाली होती.

तो आला वसंतात. उस्ताद घाबरलेलेच होते, हातातला खडू दोनदा पडला. पण फळ्यावरची रेघ गेली होती आणि लहानगी पाढे मोठ्यानं घोकत होती.

"काय चाललंय हे? चूप!" साहेब गरजला. वर्ग चिडीचूप झाला.

उस्ताद गर्रकन लहानग्यांकडे वळले. त्यांनी साहेबाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"इज्जा?"

"आहे, उस्ताद."

"बोलत राहा गं," ते म्हणाले. "सगळ्यांनी बोलत राहा."

साहेबानं वही काढून लिहायला घेतलं.