श्वास न घेणारी सनई

स्वस्त वस्तूला कुणी हसलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. माझ्या भावाच्या कीबोर्डाला तर अख्खी परभणी हसायची. खेळण्याएवढा तो, पट्ट्या माझ्या बोटांपेक्षा बारीक, आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा. "पोराचा हाय का?" असं विचारून लोक फिदीफिदी हसायचे. हसा मेल्यांनो, मी मनात म्हणायचे. त्या खेळण्यात आमचे आबा होते.

आबा म्हणजे आमचे वडील. झरीच्या पुढं आमचं गाव. तिथल्या महादेवाच्या देवळात पहाटेची सनई आमच्या घराकडं होती, आणि लग्नसराईत पालमहून बोलावणं येवो की बोरीहून, आबा सनई कापडात गुंडाळून यष्टीत बसायचे. भावाला सनई काही आली नाही. त्याला वायरी आल्या. परभणीत एका इलेक्ट्रिकच्या दुकानामागं खोली घेऊन त्यानं भजनाच्या कॅसेटी भरायचा धंदा काढला. भिंतींना गाद्या, छताला गोणपाट, दाराला आतून जुनी वाकळ. दार लावलं की रस्ता, सायकली, भाजीवाल्या, सगळं एकदम बंद. आपलाच जीव आपल्याच कानात धडधडायला लागायचा. मला परभणीतच दिलेलं, पेटी बरी वाजवायचे, म्हणून त्यानं मला तिथं कानासाठी ठेवलं होतं. पगार म्हणजे चहा.

तो छोटा कीबोर्ड त्यानं हैदराबादेहून जुना आणला. त्याला एक माइक होता. माइकसमोर जो आवाज कराल त्याचा सेकंदभराचा तुकडा तो पोटात ठेवायचा, आणि मग प्रत्येक पट्टीवर तोच तुकडा वाजवायचा. खालच्या पट्टीवर सावकाश आणि जाड, वरच्या पट्टीवर घाईत आणि बारीक. याला सँपल म्हणतात, असं भावानं मला चारदा सांगितलं. पाचव्यांदा सांगायला लागला तेव्हा मी त्याला उंटावरचा शहाणा म्हटलं.

गावी आल्यावर आधी त्यानं शेळी भरली, लेकरं हसून लोळली. मग म्हणाला, "आबा, आता तुमी."

आबा ओसरीवर मांडी घालून बसले. सनईची पत्ती जिभेवर भिजवली. कोपऱ्यात माय गहू पाखडत होती. भाऊ ओरडला, "माय, सूप ठेव! कुणी हूं का चूं करू नका." मायनं सूप खाली ठेवलं. हात भरून हिरव्या बांगड्या होत्या तिला, त्या वाजू नयेत म्हणून तिनं दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं. आबांनी छाती भरून श्वास घेतला आणि एकच षड्ज लावला.

भावानं पट्टी दाबून ऐकवलं. आबा बघतच राहिले. "एवढाच व्हय रं? मी आख्खा बसलोय हितं, आन तू नखाएवढा घेतलास." आणि खो खो हसले. हसता हसता खोकले. तो खोकला काही गेला नाही, दिवाळीच्या आधी आबाच गेले.

तेरावं झालं, मी परभणीला परतले. एका भर दुपारी भाऊ घरी आला, उन्हात चालत, चेहरा पांढराफटक. म्हणाला, "अक्का, जरा खोलीवर चल." दार लावलं, वाकळ सोडली, आणि कीबोर्डाची मधली पट्टी दाबली.

आधी श्वास आला. मग सूर. पट्टी दाबून धरली की तुकडा संपायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. श्वास, सूर. श्वास, सूर. कॅसेटवर त्यानं ते उतरवून ठेवलंच होतं, पण कॅसेट वाजते आणि संपते. इथं तुम्ही बोट ठेवलं की आबा श्वास घ्यायचे. तुमच्या बोटाची वाट बघत बसल्यासारखे.

"सेल बदलताना लय भ्याव वाटतंय," तो म्हणाला. "सेल निघाले की पुसलं जातंय सगळं. म्हणून वायर काढतच न्हाई मी."

मग त्यानं चार पट्ट्या एकदम दाबल्या. चार आबांनी श्वास घेतला. खालचा कुणी राक्षसाएवढा, वरचा तर पोरगंच, आबा लहान असताना कसे असतील तसा. मी त्याच्या हातावर चापट मारली. "काय चाळे करायलास? बाप हाय तो!"

"थांब. खरं तर हे ऐकवायला आणलंय तुला." त्यानं सगळ्यात खालची पट्टी दाबली. हळूहळू, वारा घुमावा तसा श्वास. मग जाड, थरथरता सूर. आणि सुराच्या अगदी शेवटी, मागून कुठून तरी, खळ्ळ. लोखंडी साखळी कुणी कडीतून काढावी तशी.

"आबा दार उघडायलेत, अक्का," भाऊ कुजबुजला.

"दार उघडायलेत म्हणं! दिवसभर एकटा बसतोस, डोकं फिरलंय तुझं," मी म्हणाले. पण त्याच्याकडं नाही बघितलं, दाराकडं बघितलं. वाकळ हलत नव्हती. बाहेर लख्ख ऊन असणार, दुकानात गिऱ्हाईक असणार, आणि आत आम्ही दोघं भावंडं साखळी वाजायची वाट बघत बसलेलो. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा खळ्ळ. त्या दिवशी घरी जाताना मी त्या दाराकडं पाठ केली नाही.

आता आमच्या धाकटीचं सांगते. तिची सोयरीक आबांच्या डोळ्यांदेखत जमली होती. आबा गेल्यावर लोक म्हणाले, वर्षाच्या आत लग्न उरका, न्हाईतर तीन वर्षं थांबा. तारीख ठरली आणि धाकटी एकच हट्ट धरून बसली, अक्षता पडताना आबांचाच सूर वाजला पाहिजे. भावाच्या डब्यातला का असेना. न्हाई वाजला तर बोहल्यावर पाय ठेवणार न्हाई. जगाच्या लेकींची लग्नं आबांनी वाजवली आणि माझ्याच वेळेला भाड्याची सनई का, असं म्हणून रडली. खरंच होतं ते.

माय कडाडली. "मेल्या माणसाचा श्वास मांडवात? शुभ कार्याला? पोरीच्या कुंकवाचा तरी इचार करा!" आणि तेही खरंच होतं. दोघींचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका चुलीवर, आणि निरोप माझ्यामार्फत. माझं मेलीचं आपलं इकडं आड तिकडं विहीर.

भावानं तोडगा काढला. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून मोठा कीबोर्ड भाड्यानं आणला, घोंगडीत गुंडाळून, यष्टीत मांडीवर घेऊन. त्याला फ्लॉपी लागायची. एका फ्लॉपीत व्हायोलिनं, एकीत बासऱ्या, एकीत सनई. हिच्यात एकच तुकडा ताणलेला नव्हता. प्रत्येक सुराला खरा माणूस बसवून वेगळा तुकडा भरलेला, हळू वेगळा, जोरात वेगळा. लग्नात ही सनई वाजवू, आबांचा श्वास नाही म्हणून माय राजी, भावाच्याच हातची म्हणून धाकटी राजी, असा त्याचा हिशोब.

माय तेव्हा बस्त्यासाठी परभणीला आली होती. दुसऱ्या दिवशी नामांतरावरून बंद झाला, यष्ट्या उभ्या. माय अडकली आणि तो महागडा बाजाही अडकला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाऊ आम्हा दोघींना गल्लीतून खोलीवर घेऊन गेला. दार लावलं तरी फरक कळला नाही, बाहेरही तसंच सुन्न होतं.

मला त्यानं भिंतीकडं तोंड करून बसवलं. "अक्का, नुसतं ऐक. स्वस्त कोणतं, महाग कोणतं, सांग."

सांगायचं काय त्यात! बासरी वाजली, पहिली पिपाणी, दुसरी बासरी. व्हायोलिनं वाजली. छोट्याचं व्हायोलिन म्हणजे डास. मोठ्याची वाजली तेव्हा मात्र माझी मान आपोआप वळली, वाटलं खोलीत मांडवभर माणसं येऊन बसलीत. सगळ्यांचे गज एकदम ओढलेले, आणि एकाचंही तोंड दिसत नाही. भावानं बोट उचललं. माणसं उठून गेली. त्यानंतरची शांतता मला आवडली नाही.

"आता सनई," तो म्हणाला.

मोठ्याची सनई काय सांगू! गोड, भरलेली, मधाची धार. भावानं पट्टी दाबून धरली. सूर चालू राहिला. आणखी धरली. चालूच. कुठं थरथर नाही, कुठं दम लागणं नाही. माय इतका वेळ भिंतीला टेकून गप होती. ती एकदम ताठ बसली.

"ह्यो श्वास कधी घेतो रं?"

"घेत न्हाई माय. यंत्र हाय ते."

"यंत्र कसं? तूच म्हणालास की माणूस बसवून भरलंय. कोण माणूस हाय ह्यो?"

"मला काय ठाव."

"जिता हाय का मेलाय?"

सूर चालूच होता, त्याचं बोट पट्टीवर तसंच राहिलेलं. कुठला कोण, कुणाचा बाप, त्याच्या छातीतला वारा काढून फ्लॉपीत घातलेला, आणि तो आमच्या पोरीच्या मांडवात न थकता, न थांबता फुंकत राहणार. मायनं पदर तोंडाशी घेतला. "बंद कर," ती म्हणाली. "बंद कर आधी. ह्याला सोडा रं कुणी तरी."

त्यानं बोट उचललं. मग, का कुणास ठाऊक, वळला आणि छोट्याची मधली पट्टी दाबली.

आबांनी श्वास घेतला. सूर लागला. आबा गेल्यापासून मायनं हा आवाज ऐकला नव्हता, भावानं गावी कॅसेट लावली तरी ती ओसरीवरून उठून जायची. आता दार बंद होतं, जाणार कुठं? तिनं डोळे मिटून घेतले. मी तिचा हात धरायला सरकले तर तिनं मला झिडकारलं.

"पुन्हा लाव."

श्वास. सूर. आणि मागं ते, या मधल्या पट्टीवर अगदी बारीक, ऐकू येतं न येतं असं.

"ते काय हाय शेवटाला?"

भाऊ अडखळला. मग खालची पट्टी दाबून दाखवली, साखळी वाजली, आणि तो म्हणाला, "आमाला वाटतंय, आबा दार..."

"कशाचं दार!" माय खेकसली. "पैली लाव. ती खालची नको, पैली."

तिनं भोंग्याला कान लावला. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा. मग तिनं त्याचं बोट बाजूला केलं आणि स्वतःच्या बोटानं पट्टी दाबली. माझ्या मायनं जन्मात कधी पेटीला हात लावला नव्हता.

"बांगड्या हायत ह्या," ती म्हणाली. "माझ्या."

आम्हाला कळेचना.

"तुमी गप बसा म्हणलात, म्या मनगट धरून बसले. त्यांचा सूर संपला वाटलं आन म्या हात सोडला. जरा लवकरच सोडला की!" ती हसायला लागली आणि तसंच रडायला लागली. तिचे दोन्ही हात कीबोर्डावर होते, उघडे. त्या बांगड्या आबांच्या मयतीला आमच्याच ओसरीवर फोडल्या होत्या. मी बघितलं होतं, दगडानं फोडल्या होत्या.

कितीतरी वेळ माय ती पट्टी दाबत होती. श्वास, सूर, किण. श्वास, सूर, किण. मला त्या खोलीत पहिल्यांदा खरी भीती वाटली ती तेव्हा. आबांची नाही. वाटलं, त्या डब्यात अजून एक ओसरी आहे, तिथं आबा बसलेत आणि शेजारी हिरवा चुडा भरलेली बाई बसलीय, आणि आमची माय बाहेर उभी राहून त्यांना हाका मारतेय.

शेवटी तिनं हात काढला. डोळे पुसले. भावाला म्हणाली, "लग्नात हेच लाव."

"माय, तूच म्हणायलीस की अशुभ..."

"म्हणलं असंल. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला मांडवात यायला येत न्हाई ना? विधवा बाईनं अक्षतांला म्होरं उभं राहू नये, तुमच्या काकूनं कालच सांगितलं मला. मग हिला येऊ द्या." तिनं त्या खेळण्यावर हात ठेवला. "ही सवाष्ण हाय."

महागडा बाजा बंद उठल्यावर नांदेडला परत गेला. लग्न आमच्या दारात झालं. कन्यादानाला काका-काकू बसले, माय धान्याच्या खोलीत. वाजंत्री भाड्याचीच होती. शेवटचं मंगलाष्टक आलं तसं भावानं हात वर केला, सनईवाल्यांनी सनया खाली घेतल्या, आणि एवढ्या माणसांत एकदम काहीच वाजेना. लोक माना वळवून बघायला लागले. मग झाडावर बांधलेल्या कर्ण्यातून कुणी तरी छाती भरून श्वास घेतला.

सगळं गाव तो श्वास ओळखत होतं. म्हातारी माणसं जागच्या जागी ताठ झाली. एकानं कानाला हात लावला, एका बाईनं लेकराला पोटाशी ओढलं. सूर लागला, अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला, आणि धाकटी नवऱ्याकडं बघायचं सोडून आमच्याकडं बघत राहिली. मी मात्र धान्याच्या खोलीकडं बघितलं.

माय दाराआड उभी होती, डोळे मिटून. तिनं एका हातानं दुसऱ्या हाताचं मोकळं मनगट घट्ट धरलं होतं, आणि सूर पुरता संपेपर्यंत सोडलं नाही.