खंडेनवमीचा निळा दिवा

शहाद्यातल्या ज्या खासगी दवाखान्यात मी नर्स होते, तिथल्या डॉक्टरांना रोग्यांपेक्षा सामानाचीच हौस जास्त. एकोणीसशे साठच्या दशकात त्यांनी ऑपरेशनच्या खोलीसाठी मुंबईहून जंतू मारणारा दिवा आणला. दिसायला साधी ट्यूब, लावली की फिकट निळा उजेड पडायचा. असा दिवा धुळ्यातसुद्धा नाही, असं डॉक्टर गावभर सांगत सुटले. खरं-खोटं करायला धुळ्याला कोण जातंय?

खोक्यात एक इंग्रजी कागद होता. माझं इंग्रजी कामापुरतं, पण एवढं कळलं की दिवा लावायचा तो रिकाम्या खोलीत, दार बंद करून, आणि उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडे मुळीच बघायचं नाही. फरशी पुसायला आयाबाई आत जायची, म्हणून आधी तिला सांगितलं. ती अक्राणीच्या डोंगरातली आदिवासी, अक्षरशत्रू. तिने दोनदा विचारून घेतलं आणि बटण बंद असल्याची खात्री केल्याशिवाय पुन्हा कधी आत पाऊल टाकलं नाही. मग डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते हसले. सूर्याकडे बघूनही डोळे दिपतात, म्हणून लोक अर्घ्य द्यायचे थांबलेत का, म्हणाले. एवढ्या शिकलेल्या माणसाला मी काय शिकवणार?

खंडेनवमी आली. शेतकरी अवजारं पुजतो, आमचे डॉक्टर कात्र्या-चिमटे पुजायचे. त्या वर्षी मानाचा पाट दिव्याला. विझलेल्या दिव्याची पूजा करायची नसते, असं भटजींनी काढलं. डॉक्टरीणबाईंनी ते उचलून धरलं आणि मला बटण दाबायला सांगितलं. मी दाबलं. भटजी, तापीकाठचे दोन केळीवाले बागाईतदार, एक पुढारी आणि डॉक्टर नवराबायको दाटीवाटीने दिव्यासमोर बसले. आरती झाली. मग पुढारी विज्ञानावर बोलले, चांगले तासभर, आणि मंडळी भक्तिभावाने त्या ट्यूबकडे टक लावून ऐकत राहिली. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे समोरही काही कमी नव्हता. मीही हातात प्रसादाचं ताट घेऊन शहाण्यासारखी आतच उभी होते. आयाबाईला मात्र मज्जाव होता. रोज जी फरशी ती पुसायची, तिच्यावर पूजेच्या दिवशी तिची सावली चालत नव्हती. तिला बाहेर चपला राखायला बसवलं होतं.

दिवेलागणीला पहिले भटजी आले, नातवाचा हात धरून. डोळ्यांत कुणीतरी तिखट चोळलंय म्हणत होते. मग बागाईतदार, मग पुढारी. त्यांना तपासणार कोण? डॉक्टर स्वतःच खुर्चीत डोळे मिटून कण्हत होते, डॉक्टरीणबाई माजघरात रडत होत्या, आणि मला पापणी उचलली की वाळूचा खडा फिरल्यासारखं व्हायचं. सकाळी विज्ञान शिकवणारे पुढारी आता आईच्या नावाने हाका मारत होते. त्या संध्याकाळी दवाखान्यात डोळस माणूस एकच. आयाबाईने जुन्या चादरी फाडल्या, माठाच्या पाण्यात भिजवून प्रत्येकाच्या डोळ्यांवर पट्ट्या ठेवल्या, डॉक्टरांना हाताला धरून मोरीपर्यंत नेऊन आणलं. तेव्हा कुणाला तिच्या सावलीची आठवण झाली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे डोळे उघडले, अक्कल तेवढी मिटलेलीच राहिली. डॉक्टरांनी सगळ्यांना जमवून निदान सांगितलं: डोळ्यांची साथ. दिव्याने जंतू मरतात, मग त्याने रोग होईलच कसा? पुढारी आयाबाईकडे बोट दाखवून म्हणाले, सगळ्यांचे डोळे गेले, मग हिचेच कसे राहिले? नुकतीच गावी जाऊन आलीय, हिनेच साथ आणली असणार. बागाईतदारांनी माना डोलावल्या. पट्ट्या ठेवणारा हात कुणाचा होता, हे एकालाही आठवलं नाही. डॉक्टरांनी तिला त्याच दिवशी निघायला सांगितलं.

तिचा नवरा दर हंगामात ऊस तोडायला सुरतेकडे जायचा. ही नोकरी होती म्हणून ती मागे राहू शकत होती आणि तिची मुलगी शहाद्याच्या शाळेत दुसरीत बसत होती. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ती रडली नाही, डॉक्टरांच्या पायाही पडली नाही. सरळ माझ्याकडे वळली.

"बाई, तो कागद तुम्ही वाचेल शे ना. सांगी द्या ना डाक्टरसले."

डॉक्टरही माझ्याकडेच बघत होते. कागद त्यांनी ऐकलेला होता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. बटण माझ्या हाताने दाबलेलं होतं. मी पदर डोळ्यांना लावला आणि अजून आग होतेय, मला काही सुचत नाही, असं काहीतरी पुटपुटले.

त्या पूजेतल्या लोकांच्या अडाणीपणाला मी आजवर पुष्कळ नावं ठेवली. पण त्यांना कळलं तरी नव्हतं. मला सगळं कळलं होतं, आणि त्या सकाळी माझ्या डोळ्यांची आग पूर्ण थांबलेली होती.