अष्टग्रही आणि माझी वाचनवही

मी अकरावीला होते तेव्हा आमच्या मराठीच्या सरांनी सगळ्या वर्गाला एक वही करायला लावली. तिला ते वाचनवही म्हणायचे. दर आठवड्याला तिच्यात तीन पानं भरायची. एक पुराणातल्या वाचनाचं, एक इतिहासातल्या वाचनाचं आणि एक चालू घडामोडींचं. गोष्ट उतरवून काढलेली सरांना चालत नसे. "तुला काय वाटलं ते लिही," म्हणायचे. आता मला आजवर काय वाटतं हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मला एकदम खूप काही वाटायला लागलं. पुराणातल्या ऋषींना फार लवकर राग येतो, त्यांनी शाप देण्याआधी दोन घास खाऊन घ्यावेत, असं मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं. वेढ्यात किल्ल्यावरचं धान्य संपतं, म्हणून राजांनी बुरूज बांधण्याआधी घरातल्या बायकांना विचारून कोठार बांधावं, असंही लिहिलं. त्याखाली सरांनी लाल शाईनं लिहिलं, "हे मत तुझे की घरातल्या कुणाचे?" ते माझ्या चुलतीचं होतं.

पुराण आणि इतिहास शाळेच्या कपाटातून मिळायचा. अडचण होती ती चालू घडामोडींची. आमचं गाव भाज्याच्या लेण्यांच्या डोंगराखाली. मी मळवलीहून पॅसेंजर धरून लोणावळ्याला शाळेत जायचे. गावात वर्तमानपत्र येत नव्हतं. पण माझा मामा लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात कामाला होता, आणि तिथं पुड्या बांधायला रद्दीचे गठ्ठे असत. शाळा सुटली की गाडीला तास-दीड तास असायचा, तेवढा वेळ मी त्या गठ्ठ्यांवर बसून वाचायचे. त्यामुळे माझ्या घडामोडी दोन-तीन महिने शिळ्या आणि चौकोनी कापलेल्या असत. एका पुलाचं उद्घाटन होणार म्हणून मी मोठ्या उत्साहानं लिहिलं, तेव्हा त्या पुलावरून गाड्या जाऊन महिना झाला होता.

त्या वर्षी माघाच्या आसपास आठ ग्रह एका राशीत येणार होते. अष्टग्रही, अष्टग्रही म्हणून सगळीकडे बोलणं चाललं होतं. मला दुकानात त्या बातमीचा अर्धा कागद मिळाला. त्यात ज्योतिषी काय म्हणतात ते होतं. भूकंप होणार, पाणी चढणार, मोठा अनर्थ होणार. त्याखाली "परंतु शास्त्रज्ञांच्या मते" एवढं छापलं होतं आणि तिथंच कात्री चालली होती. शास्त्रज्ञांचं मत कुणाच्या तरी चिक्कीबरोबर मुंबईला गेलं असावं.

मला मात्र आनंद झाला. एकाच विषयावर तिन्ही पानं भरण्याची अशी संधी परत येणार नव्हती. पुराणाच्या पानावर मी प्रलयाची गोष्ट घेतली, सगळ्या धान्यांचं बी आणि एकेक जनावर नावेत घेऊन वाचलेल्या माणसांची. घडामोडींच्या पानावर अष्टग्रही लिहिली. आणि इतिहासात आमची लेणी आणली. ही लेणी दोन हजार वर्षांची आहेत, एवढ्या काळात लहानमोठे प्रलय आले असतीलच, तरी दगडाचा टवकासुद्धा उडालेला नाही, तेव्हा आमच्या भागातल्या लोकांना नावेची गरज नाही, त्यांनी लेण्यात जाऊन बसावे, असा शेवट केला. मला तो फार झोकदार वाटला. सरांनाही वाटला असावा. त्यांनी खाली लिहिलं, "उत्तम! तिन्ही विषयांचा सुंदर मेळ." आणि खाली सही.

ही वही मी घरी आबांना वाचून दाखवली. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, घरातले कर्ते. ते शाळेत गेले नव्हते, पण मी वाचताना मांडी घालून, डोळे मिटून ऐकायचे. वाचून झालं तसे त्यांनी डोळे उघडले.

"ह्ये तू लिवलंस?"

"व्हय, आबा."

"आन् ते खाली तांबडं काय हाय?"

"सरांनी लिहिलंय. उत्तम, म्हणून."

"मास्तरांनी?" आबांनी वही हातात घेऊन लाल शाईवर बोट फिरवलं. "सही बी केलीया?"

"केलीय."

"मग झालं की. मास्तर काय उगंच सही करत्यात व्हय?"

मला वाटलं, कौतुक चाललंय. दोन दिवसांनी बघते तर चुलती माळ्यावरून मडकी उतरवून त्यांत बी भरत होती. भात, नाचणी, वरई, पावटा, सगळ्याचं थोडं थोडं. मी विचारलं तर म्हणाली, "तूच लिवलंयस ना? आता मला काय इचारती." आबांनी भावकीतल्या चार घरांना निरोप धाडले होते. रविवारी ग्रह जमणार, तेव्हा दिवस उगवायला लेण्यात जायचं, ग्रह सुटले की खाली यायचं. गावात दुसऱ्या कुणी विचारलंच तर आबा सांगत, "लेखी हाय आमच्याकडं."

आता हे थांबवायला हवं होतं. पण आबांपुढे जाऊन, मी ते नुसतं पान भरायला लिहिलं होतं, असं म्हणायची छाती होईना. आजवर घरातल्या कुणी माझ्या शब्दावर एक पेंढीसुद्धा हलवली नव्हती. आता चार घरं हलत होती. खरं सांगायचं तर थोडी मानही ताठ झाली होती.

ती ताठ मान शुक्रवारी खाली आली. सर वर्गात म्हणाले, "लोकांनी या अष्टग्रहीचं भलतंच बुजगावणं केलं आहे. आपण याला उत्तर द्यायचं. रविवारी सहल काढू. ग्रह वर, आपण खाली, मजेत हिंडू. भाज्याची लेणी बघायला जाऊ." मग माझ्याकडे बघून, "कल्पना तुमच्यातल्याच एकीच्या वहीतून सुचली बरं का!"

मी ताडकन उभी राहिले. "सर, भुशीला जाऊ या."

"भुशीला काय आहे?"

"धरण आहे, सर."

"प्रलयाच्या दिवशी धरणावर?" सर म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. "लेणी तुझ्या गावाजवळ आहेत, तर तू आनंदी व्हायचं की नाही?"

त्या संध्याकाळी मी आबांना गाठलं. म्हटलं, "आबा, न्हाई होत काही. शास्त्रज्ञ म्हणत्यात."

"काय म्हनत्यात?"

आता शास्त्रज्ञ काय म्हणतात ते मला तरी कुठं माहीत होतं? "ते... कापलं गेलंय," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "घाबरू नगंस, पोरी. सगळ्यास्नी नेतूय आपुन."

रविवारी आम्ही पंचवीस-तीस माणसं डोंगर चढलो. डोक्यावर मडकी, काखेत कोंबड्या, एक शेळी, दोन पाट्या हरभरा, पातेली, अंथरुणं आणि आबांची म्हैस. म्हशीला आणू नका म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. आबा म्हणाले, "परलय झाल्यावर दूध कुटनं आनायचं?" अर्ध्या पायऱ्या म्हैस चढली आणि मग तिनं ठरवलं की बुडायचं तर इथंच. ती वाटेत आडवी बसली. पुढून ओढलं, मागून ढकललं, कडबा दाखवला. शेवटी तिला तिथंच सोडून आम्ही वर गेलो आणि लेण्याबाहेर आडोशाला तीन दगडांची चूल मांडली. उद्या राहतोय की नाही कुणास ठाऊक, म्हणून बायकांनी वर्षभराचा हात सैल सोडला होता. दोन कोंबडे कापले होते. तांदळाच्या भाकरी थापणं चालू होतं आणि वास डोंगरभर गेला होता.

दहाच्या सुमाराला खालून हसण्याचा गलका ऐकू आला. मी खांबामागे गेले. सर आणि वीसेक मुलंमुली म्हशीपाशी येऊन थांबली होती. सरांनी "हट, हट" केलं. म्हशीनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मग सगळा वर्ग धोतर-परकर सावरत तिच्या कडेनं एकेक करून वर आला आणि सर धापा टाकत लेण्याच्या तोंडाशी उभे राहिले. समोर मडकी, कोंबड्या, अंथरुणावर घोरणारे म्हातारे आणि भाकरीचा ढीग.

"हे काय चाललंय?" सरांनी विचारलं.

"बसा की," आबा म्हणाले. "तुमी बी आलासा, बरं झालं. जागा लय हाय."

"पण कशासाठी? कुणी सांगितलं तुम्हाला इथं यायला?"

"लोनावळ्याच्या मास्तरांनी."

सर हबकले. "कोण मास्तर?"

आबांनी अंथरुणाच्या वळकटीतून फडक्यात गुंडाळलेली माझी वही काढली, बरोबर ते पान उघडलं आणि सरांपुढे धरलं. "ह्ये बगा. तांबड्या शाईत. सही बी हाय."

सरांनी चष्मा वर केला. आपली सही त्यांनी बराच वेळ पाहिली. मग पूर्ण पान पहिल्यांदाच नीट वाचत असल्यासारखे ओठ हलवत वाचलं. मी खांबामागून बाहेर आले, कारण आता लपण्यात काही राम उरला नव्हता.

"सर," मी म्हणाले, "माझं चुकलं."

"तुझं नाही," सर हळूच म्हणाले. "मी अक्षर बघून शेरा दिला."

मोठ्यानं हसावं की नाही हे वर्गाला कळेना. आबांना मात्र काही कळायचं उरलं होतं. "म्हंजी सही तुमचीच?" त्यांनी विचारलं, आणि सरांनी मान हलवताच ते उठून त्यांच्या पाया पडायला वाकले. सर मागे सरकले, त्यांची पिशवी निसटली आणि तिच्यातलं सगळं दगडावर सांडलं. चार पुडांचा डबा, बॅटरी, मेणबत्त्या, गंगेची सीलबंद लोटी आणि अंगाऱ्याची पुडी. एका दिवसाच्या सहलीला ते सामान जास्तच होतं.

"मंडळींनी दिलं," सर म्हणाले. कान लाल झाले होते.

"शानी हाय बाई," चुलती म्हणाली, आणि तिनं सरांच्या पुढ्यात पहिली भाकरी टाकली.

मग सगळेच जेवायला बसले. सरांनी जेवताना शास्त्रज्ञांचं म्हणणं आबांना समजावून सांगितलं. ग्रह एकमेकांपासून फार लांब असतात, इथून बघताना फक्त एका रेषेत आल्यासारखे दिसतात. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये बी लिवून, सही करून द्याल का?" सरांनी हात जोडले. त्यानंतर त्यांनी मुलांना लेणी दाखवली. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगत की राक्षसांनी ती एका रात्रीत कोरली. सरांनी सांगितलं की माणसांनी छिन्नीनं कोरली, कैक वर्षं लागली. भावकीतल्या एका म्हाताऱ्याला ते पटलं नाही. "मानसाला येवढी सवड कुटं असती?" तो म्हणाला.

उन्हं कलली तशी शाळेची मंडळी गाडीसाठी उतरली. जग जागच्या जागी होतं. आबा रागावतील म्हणून मी दिवसभर तोंड लपवत होते, पण ते कड्याशी उभे राहून खालची खाचरं बघत म्हणाले, "तू वाचलंस म्हनून आमी वाचलो." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी ते चार घरांत चार वेळा ऐकवलं.

सोमवारी सरांनी वह्या गोळा केल्या आणि नेहमीसारख्या तिसऱ्या दिवशी परत न देता पंधरा दिवस ठेवून घेतल्या. प्रत्येकाची प्रत्येक ओळ वाचली. माझ्या त्या पानावरचं "उत्तम" त्यांनी खोडलं नाही. पुढे फक्त कंस करून लिहिलं, "भाषा."

त्यानंतर आठवडाभरानं मी आणि चुलती विहिरीवर धुणं धूत होतो. पिळे मारता मारता ती थांबली आणि डोंगराकडे बघत राहिली. म्हणाली, "लगीन होऊन ह्या घरात आल्ये, तवापासनं त्यो एकच दिस बसून खाल्ला बग. वाऱ्याला. सगळा मुलूख दिसत व्हता." मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून तिनं विचारलं, "ते गिऱ्हं पुन्यांदा कदी येनार हायती गं? जरा वाचून सांग की."