आठ खणांच्या कपाटासाठी दोन मुठी

आमच्या अकोल्याच्या घरी आईचं आठ छोट्या खणांचं सागवानी कपाट आहे. काचबिंदूमुळे आईला अंधुकच दिसतं, तरी चष्म्यापासून जपमाळेपर्यंत सगळं ती स्वतः काढते. गेल्या महिन्यात दोन खणांच्या लाकडी मुठी तुटल्या आणि औषधासाठीसुद्धा तिला आम्हाला हाक मारावी लागली. जन्मभर वर्गाला हुकूम सोडलेल्या मास्तरणीला ते फारच लागलं. अकोल्यात तशा मुठी मिळेनात, म्हणून शनिवारी एक धड मूठ नमुन्याला काढली आणि अमरावतीला निघाले.

अकोला-अमरावती रस्ता आता झकास आहे, एसटीत मस्त डुलकी लागते. अमरावतीच्या हार्डवेअर दुकानांत मात्र नॉब म्हटलं की स्टीलचे, नाहीतर चिनी मातीचे. एका दुकानदाराने माझी मूठ उलटसुलट करून परतवाड्याची वाट दाखवली. तिकडे लाकडाच्या वखारी आहेत, लाकूड कातणारा खरादीही भेटेल म्हणाला. परतवाड्याच्या गाड्या भरपूर, पण जागेची खात्री नाही. मी अर्धा रस्ता उभीच होते. स्टँडवर उतरून आधी आलुबोंडा-रस्सा खाल्ला. तिखट झेपत नसेल तर रस्सा वेगळा मागा.

खरादीकाकांचं दुकान जुन्या अचलपुरात निघालं, ऑटोने जवळच. खरादावर लाकूड गरगर फिरवत त्यांनी दोन मुठी इतक्या हुबेहूब उतरवल्या की मला लोभ सुटला. घरच्या बाकी सहा तर घासलेल्या, टवके उडालेल्या. आठही नव्या केल्या तर या ब्लॉगवर फोटो काय दिसेल! तसं काकांना सांगूनही टाकलं आणि मोठ्या कौतुकाने आईला फोन लावला.

"आठही सारख्या झाल्या तं मी काय खण मोजत बसू?" आई म्हणाली. "टवका उडालेली चष्म्याची, घासलेली जपमाळेची. माह्या हाताले ते समजते. माहे उरलेले डोळेई फेकून देते काय?"

मी ओशाळले. काकांना म्हटलं, दोनच द्या, पण त्या एकमेकींसारख्याही नकोत.

त्यांनी खराद बंद केला. "ताई, मुठी सारख्या नसल्या तं लोकं भांडतात माह्याशी. तुमी सारख्या झाल्या म्हणून भांडून राहिल्या."

कारण ऐकल्यावर मात्र त्यांनी एकीवर एक खोल रेघ ओढली, दुसरीवर दोन. दोन्हींचे मिळून साध्या थाळीएवढे पैसे पडले.

परत येताना अंजनगाव-अकोटमार्गे आले. रस्ता मधूनमधून हाडं खिळखिळी करतो. घरी पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. आधी आईला सांगत मुठी बसवल्या, एका रेघेची औषधाच्या खणाला, मग फोटो काढला. एकही मूठ दुसरीसारखी नाही, फोटोत काही खास दिसत नाही.

रात्री लाइट बंद केल्यावर आई उठून कपाटाशी गेली. बोटं एका रेघेवर थांबली, खण उघडला, गोळी काढली. सवयीने मी विचारलं, लाइट लावू का?

"तुले लागत असन तं लाव," आई म्हणाली.