आपांचे भाडेकरू

आपा डोळे मिटून रक्त काढायच्या. बोटानं शीर चाचपायची, डोळे मिटायचे, की सुई आत. "डोळे फसवतात, बोट नाय फसवत," म्हणायच्या. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या दवाखान्यात मला आईची किडनी बसवली, तिथल्या लॅबमध्ये त्या कामाला होत्या. मी भंडाऱ्याकडचा, आठवीत शाळा सोडलेला, वाळूजला कंपनीत. या शहरात माझी वाट बघणाऱ्या त्या एकट्याच.

दर महिन्याला तपासणी असे. डॉक्टरांचा काही अभ्यास चालू होता, त्यात आमच्या रक्तातले विषाणू मोजायचे. विषाणू म्हटल्यावर मी हात मागे ओढला.

"अरे शेर, घाबरतो काय? माझ्या रक्तात बी हायेत, डॉक्टरसाहेबाच्या बी. गरीब भाडेकरू हायेत, कुणाला तरास नाय."

"मग मोजता कशाला?"

"तुझ्या अंगातला पहारेकरी जागा हाय का झोपलाय, ते त्यांच्यावरून कळतं. गोळ्या देऊन त्याला आपणच पेंगवलंय. लई झोपला तर भाडेकरू लई वाढतात. जागा झाला तर घटतात. आन जागा झाला, की तुझ्या अम्मीच्या किडनीला चोर समजून मारतो."

माझ्या डोक्यात मात्र विषाणूच बसले. खोलीवरच्या सोबत्यानं गुळवेलीचा काढा सांगितला, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. तीन आठवडे उपाशीपोटी प्यालो. पुढच्या तपासणीत भाडेकरू एकदम घटले. मला वाटलं, काढा लागू पडला.

आपांनी कागद पाहिला, मग मला. "खरं सांग. काय खातो-पितो?"

"काढा."

"या अल्ला! भाडेकरू हाकलायला घरच पेटवतो काय?"

मनगट धरून त्यांनी मला रांग मोडत डॉक्टरांकडे नेलं. पेशंट ओरडले, तर म्हणाल्या, "गप बसा. याच्या आईची चीज हाय आत." आठवडाभर भरती होतो. किडनी वाचली. मी पेढे नेले, तर "मला शुगर हाय रे," म्हणत त्यांनी दोन खाल्ले.

मागच्या महिन्यात गेलो, तर त्यांच्या जागी दुसरी मुलगी. आपांचं विचारलं.

"त्या वारल्या ना. पंधरा दिवस झाले. हार्ट अटॅक."

मी "बरं" म्हणालो आणि बाही वर केली. सुई कधी टोचली, कळलं नाही.

रिपोर्ट चांगला आला. बाहेर येऊन आईला फोन लावला.

"जेवला का बाबू?"

हो म्हणालो. जेवलो नव्हतो.