पुट्टज्जीला आलेलं लुगडं

एका अंगात किती माणसं ठेवावीत, याला देवाच्या दरबारी काहीतरी मर्यादा असेलच. आमच्या घरमालकांना मात्र ती कुणी कळवलेली नव्हती. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरात आलो आणि जयनगरात त्यांच्या खालच्या मजल्यावर सहा वर्षं राहिलो. पण नेमका कुणाचा भाडेकरू होतो, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्यांचं घराणं चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, अंगणात कानडी. सगळे त्यांना अण्णा म्हणत. टीव्हीवरच्या मुलांच्या कानडी कार्यक्रमात अण्णा हातात बाहुल्या घालून टेबलाखाली बसत आणि कोल्हा, पोलीस, पोपट, झालंच तर पुट्टज्जी नावाची बोळक्या तोंडाची म्हातारी, या सगळ्यांचे आवाज एकटेच काढत.

कार्यक्रम आठवड्यातून अर्धा तास, तालीम मात्र दिवसभर. पाण्याची मोटर चालू राहिली की वरून पोलीस ओरडे आणि मी घाबरून बटण बंद करी. दूधवाल्याशी हुज्जत घालायला कोल्हा जाई. बायकोशी भांडण झालं तर ती माउली गप्प बसे. दोन्ही बाजू अण्णाच मांडत आणि बहुधा हरत. एकदा जिन्याच्या खिडकीतून पुट्टज्जीनं मला विचारलं, "स्वल्प बारीक झालास रे, जेवतोस की नाही?" मी त्या चिंध्यांच्या बाहुलीला वाकून नमस्कार केला. माझं डोकं तेव्हापासूनच ठिकाणावर नव्हतं म्हणा ना!

फोन फक्त वरच्या मजल्यावर होता. दर रविवारी सकाळी पुण्याहून आईचा फोन येई आणि अण्णा मला हाक मारत. हळूहळू ही हाक उशिरा येऊ लागली. आधी पाच मिनिटांनी, मग पंधरा. मी धावत वर जाऊन रिसीव्हर कानाला लावावा, तर आई म्हणे, "बरा आहेस ना? ठेवते मग." मला काही उलगडा होईना. मग एक दिवस तिचं पार्सल आलं. त्यात माझ्यासाठी डिंकाचे लाडू, एक कोरं नऊवारी लुगडं आणि चिठ्ठी: 'आजींना विचार, रंग आवडला का. नाहीतर बदलून आणते.'

कुठल्या आजी? अण्णांच्या आईला जाऊन वीस वर्षं झाली होती. लुगडं घेऊन वर गेलो, तेव्हा अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला.

"एकदाच, सार! तालीम चालली होती, त्याच आवाजात फोन उचलला. तुमच्या आई म्हणाल्या, नमस्कार आजी. मी काय करायचं? 'काय गं पोरी' म्हटलं, तर त्या रडायलाच लागल्या की! मग दर रविवारी आधी आजीलाच बोलवा म्हणू लागल्या."

बाबा गेल्यापासून आई सगळ्यांची आई, काकू, आजी होती. तिला पोरी म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, हे मला त्या क्षणी प्रथम जाणवलं. अण्णांवर रागवावं की त्यांचे आभार मानावेत, ते कळेना. लुगडं त्यांच्या हातात दिलं आणि खाली आलो.

महिनाभरात आईनं कळवलं, 'आजींना भेटायला येतेय.' अण्णांच्या घरातले पोलीस, पोपट सगळे एकदम चिडीचूप.

"आजी गावाला गेल्यात म्हणा," मी सुचवलं.

"आणि परत आल्यावर?"

"मग वारल्या म्हणा."

"छे, छे! त्या किती रडतील, सार!"

ते खरंच होतं. आईची ती एकुलती एक मैत्रीण. ती खोटी निघाली असती तर आई पुन्हा मिटून गेली असती, आणि त्याची भीती माझ्याइतकीच अण्णांनाही वाटत होती.

आई आली ती थेट जिना चढून वर गेली. अण्णा खुर्चीत बसले होते. हातात पुट्टज्जी, अख्खं लुगडं तिला गुंडाळलेलं, त्यातून नाक तेवढं बाहेर. स्वतःच्या घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "चुकलं, अक्का. या घरात आजी नाही. मीच बोलत होतो."

आई कधी त्यांच्याकडे बघे, कधी बाहुलीकडे. मग मला म्हणाली, "तू खाली जा."

मी खाली येरझारा घालत राहिलो. वरून आधी आईचा चढलेला आवाज आला, मग रडणं, आणि मग चक्क दोन बायकांचं हसणं: एक आईचं, एक बोळक्या तोंडाचं. तासाभरानं आई खाली आली. "लुगडं असं गुंडाळतात होय? नीट नेसवून आले आजींना," म्हणाली आणि कणीक भिजवायला बसली. ती अजून फसलेली होती, जाणूनबुजून खेळत होती की आणखी काही, हे मला आजवर समजलेलं नाही.

पुढे मी पुण्याला परतलो. तिकडे तो कार्यक्रम बंद पडला. अण्णांच्या बाहुल्या पेटीत गेल्या. रविवारचा फोन मात्र बेंगळुराहून येतच राहिला. एकदा मीच उचलला आणि न राहवून विचारलं, "अण्णा, आई एवढं काय बोलते हो तुमच्याशी?"

इतक्या तोंडांचे अण्णा, पण या वेळी स्वतःच्या घोगऱ्या आवाजात बोलले. हळूच म्हणाले, "माझ्याशी कुठं, सार? अज्जीशी बोलतात. दुसऱ्याचं बोलणं मी कसं सांगू?"

मी रिसीव्हर आईच्या हातात दिला. तिनं दार लोटून घेतलं. आत ती लहान मुलीसारखी हसत होती आणि मी बाहेर उभा होतो. माझ्याशी ती इतकं कधी बोलली नाही. खरं सांगायचं तर मीही तिला कधी काही विचारलं नव्हतं.